पटाची जोडी आणि दारातली मर्सिडीज

प्रश्न : वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराचं पत्र आहे. वय ४२. यंदा आंबिया बहाराचा बगीचा बऱ्या भावानं गेला, देणी फिटून आठ लाख हातात उरले. घरी एक बोलेरो आणि दोन मोटारसायकली आहेत. नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे त्यांनी २००८ ची डिझेल मर्सिडीज ई-क्लास पाहिली. मीटरवर ७८ हजार किलोमीटर, किंमत पावणेसहा लाख. लहानपणी बगीच्याचा सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्यानं त्यांना आपल्या पांढऱ्या मर्सिडीजमध्ये बांधापासून गावापर्यंत बसवून आणलं होतं, तेव्हापासून ही गाडी डोक्यातून गेलेली नाही. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. मुलगी यंदा बारावीला आहे आणि लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. धाकटा भाऊ म्हणतो, बोलेरो विकून नवी छोटी एसयूव्ही घ्या. मेव्हणा म्हणतो, ‘हत्ती घेता येते भाऊजी, पण माहूत कोठून आणसान?’ वडिलांनी एवढंच विचारलं, ‘कोणासाठी घेतं बाप्पा?’ नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशात मर्सिडीज मिळते आहे, तर हा हिशेबानं फायद्याचाच सौदा नाही का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. भाव, मीटर, मेव्हण्याचा टोमणा सगळं लिहून झाल्यावर मधेच तुम्ही म्हणता, ‘त्या गाडीच्या काचेला एकच वायपर होता, आणि तो पुसता पुसता कोपऱ्याकडे लांब व्हायचा.’ ज्याला तीस वर्षांपूर्वीचा वायपर आठवतो, त्याला ‘फायद्याचा सौदा’ असलं कारण पुढे करावं लागतंय, याचं मला जरा वाईट वाटलं.

तुमची आठवण पक्की आहे. ती गाडी म्हणजे कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेंझ यांच्या भागीदारीत १९९५ पासून पुण्यात जोडली जाऊ लागलेली, आपल्याकडची पहिली देशी जोडणीची मर्सिडीज. एकाच पात्यानं काचेचा ८६ टक्के भाग पुसायचा, म्हणून वायपरच्या मुळाशी वेगळी यंत्रणा होती आणि पातं कोपऱ्यात पोचताना खरंच बाहेर सरकायचं. सीटच्या आत स्प्रिंगा, वर काथ्या-केसांची जाड गादी. बारा वर्षांच्या मुलाला हे कुठून ठाऊक असणार, पण पाठीला कळलं असेलच.

पण नागपूरला उभी आहे ती ही गाडी नव्हे. २००८ ची ई-क्लास दोन पिढ्या पुढची. बसायला, पळायला, आरामाला ती सरस आहे यात वाद नाही. फरक असा की जुनीच्या डिझेल इंजिनाचा पंप तुमच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीला निम्मा तरी ओळखीचा वाटला असता. नवीत दार, सीट, दिवे, गिअरबॉक्स सगळ्यांना आपापला छोटा संगणक आहे आणि ते एकमेकांशी सतत बोलत असतात. एक रुसला की बाकीचे साक्षीला येतात. तिथे पान्हा थांबतो आणि स्कॅनर लागतो. म्हणून मेव्हण्याचा टोमणा मी टोमणा म्हणून सोडून देत नाही. तुमच्या गावापासून दीड-दोन तासांत या गाडीवर नियमानं हात चालवणारा, स्वतःचा स्कॅनर असलेला माणूस आहे का? त्याचं नाव आणि फोन खिशात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. गाडी नंतर, माहूत आधी.

आता फायद्याचं बोलू. मोठी गाडी जुनी झाली की तिचा भाव कोसळतो, तो ती वाईट म्हणून नाही. पहिला मालक चार-पाच वर्षांत नवी घेतो. दुसरा खर्चाला भितो. तिसऱ्याला एवढ्या जुन्या गाडीवर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि विम्यातही नव्या गाडीसारखं पूर्ण भरपाईचं कवच मिळत नाही. पोसणारा मिळेना म्हणून भाव पडतो. सुट्या भागांचा भाव मात्र पडत नाही. गाडी पावणेसहा लाखांची झाली तरी तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिच्या एसीचा कॉम्प्रेसर अजून श्रीमंताच्याच घरचा आहे. त्यामुळे नव्या छोट्या गाडीशी तिची तुलना करताना तुम्ही अर्धाच हिशेब मांडलात. घेण्याचा मांडलात, ठेवण्याचा नाही.

आणि हे वाचून ‘मग नको’ असं ठरवू नका. मला तसं म्हणायचं नाही.

तुम्ही अमरावती जिल्ह्यातले, म्हणजे तळेगाव दशासरचा शंकरपट, बैलजोड्यांची ती शर्यत, तुम्हाला सांगायला नको. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना मुभा देणारे कायदे वैध ठरवले, आणि पटवाल्यांच्या घरी खरी दिवाळी झाली. पटाची जोडी पाळणाऱ्याला कधी विचारलंय, ‘यात तुला फायदा काय?’ तो तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघेल. खुराक वेगळा, मालिश वेगळी, गोठ्यात जागा वेगळी. गावही त्याला वेडा म्हणत नाही, हौशी म्हणतं. पण तो एक गोष्ट चुकूनही करत नाही. पटाची जोडी तो नांगराला जुंपत नाही. नांगराला दुसरी जोडी असते.

तुमची नांगराची जोडी बोलेरो आहे. खताची पोती, क्रेट, पावसाळ्यातली पांदण, रात्री-अपरात्री दवाखाना हे सगळं तिच्याच गळ्यात राहू द्या. मर्सिडीज घेण्यासाठी बोलेरो विकायची वेळ येत असेल, तर हा विषय आजच बंद. बोलेरो राहून वर ही येत असेल, तर ती हौस आहे, आणि हौसेला हौस म्हणूनच पैसे मोजावेत. नाही तर प्रत्येक बिलाला तुम्ही घरात कारण देत बसाल, आणि खोटं कारण द्यायला लागलेली वस्तू फार दिवस आवडत नाही.

माझं स्वतःचं सांगते. आमच्याकडे नऊ वर्षं एक मोठी जुनी सेडान होती. कंपनीचं नाव घेत नाही, चूक तिची नव्हतीच. मे महिन्यात अकोल्याहून परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे तापमानाचा काटा वर चढला. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी उन्हानं कडक होऊन तडकली होती, एवढंच. टाकीचा खर्च किरकोळ होता. पण रस्त्यावरची माणसं मदतीला धावली, ट्रॅक्टर आला, दोर बांधला, आणि मी कौतुकानं स्टिअरिंगवर बसून पंधरा किलोमीटर ओढत आले. गाडी ऑटोमॅटिक होती. ऑटोमॅटिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून लांबवर ओढायची नसते; इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. हे मला गॅरेजवाल्यानं सांगितलं, बिलासोबत. टाकीपायी गिअरबॉक्स गेला. मदत करणाऱ्यांचा दोष नाही, ट्रॅक्टर-जीपच्या मुलुखात दोर हाच पहिला उपाय असतो. तुम्ही मात्र आज घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : ही गाडी बंद पडली तर सपाट पाट्याच्या गाडीवर चढवूनच न्यायची. वरूडहून नागपूरपर्यंत अशी गाडी किती घेते, तेही आधीच विचारा. जुन्या मोठ्या गाडीच्या मालकाला हा आकडा पाठ असावा लागतो.

त्याच प्रवासाचं दुसरं अर्धंही सांगते, नाही तर अन्याय होईल. त्या नऊ वर्षांत सासूबाईंना कंबरेच्या दुखण्यासाठी मी किती वेळा नागपूरला नेलं असेन. दुसऱ्या गाडीत त्या कोंढाळीपर्यंत कण्हायच्या, या गाडीत झोपायच्या. काच वर केली की बाहेरचा ट्रक मुका व्हायचा. मागे बसलेला माणूस हळू आवाजात बोलला तरी पुढे ऐकू यायचं, आणि त्यामुळे घरात न झालेली बोलणी गाडीत व्हायची. चांगल्या सेडानचं मोल मला तिथे कळलं. वेग तर आता कुठलीही गाडी देते.

या सुखाला रस्ता मात्र लागतो. समृद्धी महामार्गावर, ७०१ किलोमीटरच्या त्या सरळ पट्ट्यावर ही गाडी अशी बसते की खालचा रस्ता आठवत नाही. तुमच्या गावचे शेवटचे तीन किलोमीटर वेगळे आहेत. चार माणसं आणि सामान घेतलं की सेडान खाली बसते, आणि आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या मापानं बांधतात ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर एकदा ठेचला, तेल गळलं आणि लक्षात आलं नाही, तर इंजिनच बसतं. एक साधी परीक्षा करा. दोन विटा एकावर एक आडव्या ठेवा, साधारण सहा इंच होतात. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जा आणि त्या उंचीला काय काय लागतंय ते बघा : दगड, नालीचा कठडा, ट्रॅक्टरच्या चाकोरीमधला उंचवटा. पावसाळ्यात काळी माती त्या चाकोरीत कशी फुगते ते मी तुम्हाला काय सांगणार. मग व्यापाऱ्याला म्हणा, गाडी एकदा गावात आणून दाखव. नको म्हणाला तर त्यातच उत्तर आलं.

मीटरवर माझा विश्वास बसत नाही. सतरा-अठरा वर्षांत ७८ हजार म्हणजे दिवसाला जेमतेम बारा किलोमीटर. दिवसाला बारा किलोमीटर फिरायला महागडी डिझेल गाडी कोण घेतं? असेलही एखादा. पण ब्रेकच्या पायदानाचं रबर झिजून गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगचं कातडं चकाकतंय का, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड दबली आहे का, हे बघा. सर्व्हिसच्या नोंदी मागा. दीड लाख चाललेली पण नोंदी असलेली गाडी मी डोळे झाकून आधी घेईन. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हेही विचारा. ‘ते आयुष्यभर चालतं’ असं उत्तर मिळालं तर कोणाच्या आयुष्याबद्दल बोलणं चाललंय ते स्पष्ट करून घ्या. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे : या पिढीच्या ई-क्लासमध्ये सुरुवातीला जे इलेक्ट्रॉनिक ब्रेक होते, ज्यांचा पंप ठरावीक वापरानंतर बदलावाच लागे, ते २००६ च्या बदलात काढले गेले. २००८ ची गाडी त्यातून सुटली.

कागदांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे या गाडीची २०२३ मध्ये संपली. त्यानंतर तपासणी होऊन पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय का? पर्यावरण कर भरलाय का? झालं असेल तर पुढची पाळी २०२८ ला, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार झालंय. पाटी एमएच ३१ ची आहे की डीएल? दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर कित्येक वर्षं निर्बंध राहिले, त्यामुळे तिकडच्या छान दिसणाऱ्या मोठ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यात गैर काही नाही, पण तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, आपल्याकडची फेरनोंदणी आणि रस्ताकर हे सगळं किमतीत धरायला हवं. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिलाय का, चलानं थकलीत का, एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, बसली आहे का, हे मोबाइलवर दहा मिनिटांत दिसतं. आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा.

घेतलीच तर पहिल्या वर्षासाठी किमतीच्या निम्मे पैसे वेगळे काढा. सगळी तेलं, कूलंट, रबरी पाइप, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी. आपल्याकडचं ४५-४६ डिग्रीचं ऊन रबर आणि प्लॅस्टिकचं आयुष्य खातं, कंपनीनं कागदावर काहीही लिहिलेलं असो. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुन्या टायरवर उन्हाळ्यात समृद्धी गाठू नका. आणि गाडी कापसाच्या किंवा ढेपेच्या कोठीशेजारी उभी करू नका. उंदराला मर्सिडीजची वायर आणि मोटारपंपाची वायर सारखीच लागते, बिल मात्र सारखं येत नाही.

ज्यांना असंच काही मनात आहे पण मर्सिडीजच हवी असं नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. जुनी होंडा अकॉर्ड किंवा टोयोटा कॅमरी ही कमी मिरवणारी पण कमी रुसणारी वाट आहे. साधं पेट्रोल इंजिन, फार नखरे नाहीत. फक्त आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इंधनाचे पाइप आणि सील तपासून बदलून घ्या, मायलेज थोडं कमी धरा, टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आणि तुमच्यासारखं ज्यांचं मन थेट डब्ल्यू १२४ मध्येच अडकलंय, त्यांनी घाई न करता तीच शोधावी, असं मला मनापासून वाटतं. त्या गाडीची माणसं वेगळी असतात, आणि चांगली ठेवलेली गाडी ती चांगल्या हातातच देतात.

आता तुमच्या पत्नीबद्दल. ‘लोक काय म्हणतील’ हे त्यांचं खरं म्हणणं असेल असं मला वाटत नाही. ते बोलायला सोपं पडतं म्हणून पुढे आलं. लोक म्हणतीलच : कर्जमाफीच्या यादीत नाव आणि दारात मर्सिडीज. नव्या ट्रॅक्टरपेक्षा ही गाडी स्वस्त आहे, हे तुम्ही कोणाकोणाला थांबवून सांगणार? आणि लग्नसराईत अर्धा तालुका नवरदेवासाठी गाडी मागायला येईल, ते वेगळंच. पण बाईंची भीती मला दुसरी दिसते. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवलं की संत्र्याचा भाव कसा बसतो, फळगळ एका आठवड्यात काय करते, वरूडमध्ये बोअर किती खोल चाललेत, हे त्या तुमच्याइतकंच जाणतात. त्यांचा पगार हा घरातला न गळणारा बहार आहे. चांगल्या वर्षाचा उरलेला पैसा कोणी ठरवायचा, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही पत्रात विचारलेलाच नाही.

म्हणून थांबा. बारावीचा निकाल लागू द्या, प्रवेश कुठे मिळतो, वसतिगृहाची फी किती, ते कळू द्या. तेवढी रक्कम बाजूला काढून बाईंच्या खात्यात टाका. उरलेल्यात गाडी आणि तिच्या पहिल्या वर्षाचा खर्च दोन्ही बसत असतील तर पुन्हा बोला, आणि त्या वेळी मेव्हण्याला नाही, त्यांना शेजारी बसवून बोला. व्यापारी म्हणेल गिऱ्हाईक लागून आहे. जुन्या मर्सिडीजला गिऱ्हाईक लागून नसतं, दर महिन्याला ती थोडी अजून स्वस्त होते.

राहिले वडील. त्यांनी विचारलेल्याचं उत्तर तुमच्या पत्रात मला सापडलं नाही. गाडी बघायला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. पुढे नका बसवू, मागे उजव्या हाताला बसवा आणि काटोल रस्त्यावर अर्धा तास स्वतः चालवा, व्यापाऱ्याचा पोरगा नको. त्यांच्याशी काही बोलू नका. ते झोपले की काचेकडे बघत बसले, तेवढं मला कळवा. वायपर किती आहेत ते कळवायची गरज नाही. या गाडीला दोन आहेत.